सावलीतलं काम

साय-बाशी,
७ जून २०२२

लाडके नुरीझा,

पत्र बघून दचकू नकोस, कुणी मेलेलं नाही. गावातला टॅक्सीवाला मामात बिश्केकला निघालाय, त्याच्याकडे जर्दाळूंची पिशवी दिली आहे आणि हे पत्र पिशवीच्या तळाशी, वाळवलेल्या दह्याच्या आंबट कुरुत-गोळ्यांखाली आहे. आधी वाच, मग खा. तुला ओळखते मी, तू उलटंच करशील.

फोनवर सांगण्यासारखं असतं तर फोनच केला असता. पण या घरात चालणारा फोन एकच आणि तो सासूबाईंच्या खिशात. झेनिश रशियातून बोलतो तेही स्पीकरवर. तो मला विचारतो, "कशी आहेस?" मी म्हणते, "बरी आहे." तेवढ्यात सासरे पलीकडून ओरडतात, "तांबडी मेंढी व्याली ते सांग त्याला!" असा आमचा संसार चाललाय.

तर ऐक. मला चौथा महिना लागलाय. झेनिश मार्चमध्ये गेला त्याच्या आधीचं.

फक्त सासूबाईंना ठाऊक आहे आणि आता तुला. आधीची दोन कशी गेली ते तू पाहिलंयस. पहिलं ऑगस्टमध्ये, दुसरं सप्टेंबर लागता लागता. दोन्ही वेळा पोट दिसायला लागलं, भिंतीपलीकडच्या उल्कानने पाहिलं आणि पंधरा दिवसांत सगळं संपलं. सासूबाई त्या बाईशी चाळीस वर्षं बोललेल्या नाहीत. त्यांची स्वतःची चार लेकरंही तिच्याच नजरेने गेली असं त्या म्हणतात. म्हणून या खेपेला मी झेनिशचा ढगळ कोट घालून फिरते. आरोग्य केंद्रातही जायचं नाही, कारण तिथली नर्स उल्कानची भाची.

सासूबाई मात्र मला फुलासारखं जपतात. सासऱ्यांना सिगारेटसकट गोठ्यापलीकडे हाकललंय. "घरात धूर दिसला तर लाकडाच्या जागी तुम्हालाच चुलीत घालीन," म्हणाल्या. बिचारे पावसात छत्री धरून ओढतात. मला हसू येतं आणि लगेच भीती वाटते. हसलेलंही कुणी पाहू नये असं वाटतं.

कुणाला बोलू नकोस. तुझ्या नवऱ्याला, तालांतलाही नाही.

तुझी,
बेगाइम


बिश्केक,
१६ जून

एजे,

आधी जर्दाळू खाल्ले, मग वाचलं. अर्धा जर्दाळू घशात अडकला!

मी शिवणघराच्या जिन्यात बसून रडले. बायका विचारायला लागल्या, "काय ग, तालांतने टाकलं का तुला?" मी म्हटलं, "छे, जर्दाळूची बी लागली दाताला."

आता माझं ऐक. मलाही दुसरा महिना संपत आलाय. एजेच्या, मोठ्या बहिणीच्या, पाठोपाठ सगळं करायची खोड माझी जुनीच. तालांतने आनंदाच्या भरात अख्खं कोकरू आणलं. आता रोज भात-मांस शिजवतो आणि स्वयंपाकघरातच उभा राहून सिगारेट ओढतो. खिडकी उघडतो म्हणजे फार केलं असं त्याला वाटतं. तुझ्या सासूबाईंना महिनाभर इकडे पाठव.

शिवणघरात पण तेच. चाळीस मशिनं, एक जिना आणि त्या जिन्यात दर तासाला धुराची वरात. हल्ली पोरींनी सिगारेट सोडून ते बॅटरीचं नळकांडं धरलंय. वेप म्हणतात. टरबुजाचा वास येतो, पुदिन्याचा येतो. धूर नाही, राख नाही, नुसती वाफ. शेजारच्या मशिनवरची झिबेक म्हणते की ती निरुपद्रवी असते. असते का ग? वाफेने काय होणार, नाही का? सहज विचारतेय.

तू जप. त्या उल्कानच्या समोर जाऊच नकोस.

तुझी,
नुरीझा


साय-बाशी,
५ जुलै

नुरीझा,

तू लहानपणी साखर चोरलीस की मलाच येऊन विचारायचीस, "एजे, साखर कमी झाली तर मुंग्यांनी खाल्ली असेल ना?" तुझं "सहज विचारतेय" मला तेव्हापासून माहीत आहे.

ओढतेस ना ते नळकांडं?

मी आरडाओरडा करणार नाही असं ठरवून लिहायला बसले होते, पण जमत नाही. अक्कल कुठे गहाण टाकलीस? माझ्याकडे बघ. दोन लेकरं मातीत घालून तिसऱ्यासाठी मी कोटात लपून फिरतेय, आणि तुला देवाने पहिल्याच झटक्यात दिलं तर तू त्याला टरबुजाच्या वासाची वाफ पाजतेस? फेकून दे. आज, आत्ता, हे पत्र हातात असतानाच. आणि तालांतला सांग की सिगारेट हवी तर रस्त्यावर जा. माझे सासरे छत्री घेऊन जातात, तो कोण मोठा लागून गेलाय?

इथे पानतोड सुरू झाली. पहाटे दवातच तोडावी लागतात, ऊन चढलं की पान मरगळतं. तंबाखू आता गावात पाच-सहा घरांतच उरलाय आणि त्यातलं एक आमचं. या वर्षी सासूबाईंनी मला शेतात पाऊलही टाकू दिलं नाही. म्हणाल्या, "तू वाकायचं नाहीस. उन्हात यायचं नाहीस. ओसरीत सावलीला बस आणि पानं ओव, ते हलकं काम आहे." मग मांडीवर ओल्या पानांचा ढीग आणि हातात लांब सुई. दिवसाला तीस माळा होतात. वरती आधीच्या माळा वाळत असतात, खाली मी. बरं वाटतं. नदीचं वारं येतं.

उलट्या मात्र जोरात चालू झाल्यात. पहिल्या तीन महिन्यांत एकही नव्हती, आता रोज दुपारी. सासूबाई खूश आहेत. म्हणतात, "जोरदार उलट्या म्हणजे मूल चिवट." होऊ देत मग हव्या तेवढ्या.

फेकलंस का ते?

बेगाइम


बिश्केक,
१९ जुलै

एजे,

हो. ओढते. ओढत होते. दोन्ही खरं आहे, कारण फेकलं आणि चौथ्या दिवशी दुसरं घेतलं.

कसं लागलं ते ऐक आणि मग हवं तेवढं बोल. मे महिन्यात, पोटात काही आहे हे कळायच्या आधी, मी झिबेकचं कधीमधी ओढायची. नंतर बंद केलं तर जीव तगमगायला लागला. मशिनवर टाके वाकडे, तालांतवर खेकसणं. जिन्यातल्या बायकांना वाटलं, हे डोहाळेच. तुला आपल्याकडचं ठाऊक आहेच, डोहाळे पुरवले नाहीत तर बाळाच्या अंगावर खोट राहते. कुणी आंबट मागतं, कुणी खडू खातं. झिबेकने नळकांडं आणून माझ्या हातात दिलं आणि म्हणाली, "घे बाई, बाळ मागतंय." सगळ्या हसल्या. मीही हसले आणि ओढलं. खरं सांगते एजे, मला ते पटलं. पटवून घेणं सोयीचं होतं.

मग गेल्या आठवड्यात तालांतशी भांडण झालं आणि मी जिन्यात जाऊन एकामागून एक ओढत सुटले. आधी तोंडाला पाणी सुटलं. मग गार घाम फुटला. मग डोकं ठणकायला लागलं, छाती घोड्यासारखी धावायला लागली आणि भडाभडा उलटी झाली. पायऱ्यांवर बसून राहिले. वाटलं, बाळ आत गुदमरतंय आणि गळा मीच आवळतेय.

दुसऱ्या दिवशी दवाखान्यात गेले. डॉक्टरबाई रागावल्या नाहीत, ते जास्त वाईट. म्हणाल्या, "धूर असो की वाफ, आतलं निकोटीन तेच. त्याने बाळाकडे रक्त नेणाऱ्या नसा आवळतात. बाळाला खाणं कमी पडतं, हवा कमी पडते. काही लहान राहतात. काही वेळेआधी येतात. काही राहतच नाहीत." मी विचारलं, "आता सोडलं तर?" त्या म्हणाल्या, "आता सोडलं तर आतापासून बरं."

आज सहावा दिवस. तालांतला सांगितलेलं नाही. तुझ्या शिव्यांची वाट बघते, त्यांचा उपयोग होतो.

नुरीझा


साय-बाशी,
२ ऑगस्ट

माझ्या पोरी,

शिव्या नाहीत. शिव्या द्यायला अंगात जीव लागतो.

तू सहा दिवस राहिलीस ना, मग सातवा पण राहा. तुझी शप्पथ घालत नाही, माझी घालते.

मला भीती वाटायला लागली आहे, नुरीझा. हे नेहमीचं गरोदरपण नाही. सकाळी उठते तेव्हा ठणठणीत असते. ओसरीत बसून तासभर झाला की तोंडात पाणी जमतं, थुंकून थुंकून कंटाळते. मग गार घाम. मग कपाळ ठणकतं, छाती धडधडते आणि मग उलटी. उलटी झाली तरी सुटका नाही. दव जास्त पडलं, पानं चिंब आली, की त्या दिवशी विचारूच नकोस. शुक्रवारी काम बंद असतं, तेव्हा बरी असते. सासूबाई म्हणतात, शुक्रवार पवित्र दिवस, त्या दिवशी नजर चालत नाही.

आणि बाळ. गेल्या आठवड्यात पहिल्यांदा नीट हललं. शुक्रवारी तर सारखं ढुशा देत होतं. पण बाकीच्या दिवशी दुपारनंतर गप्प होतं. मी हात ठेवून बसते, बोटं चिकाने काळी झालेली, हिरव्या टोमॅटोने घासली तरी निघत नाहीत. हलत नाही. मग संध्याकाळी कधीतरी हलकं काहीतरी होतं आणि मला रडू फुटतं.

उल्कान परवा विरजण मागायला म्हणून दारात आली. चाळीस वर्षांत पहिल्यांदा! सासूबाईंनी दार लावून घेतलं, पण तोवर तिने मला पाहिलं होतं. कोट उतरवून ठेवला होता, उकडत होतं म्हणून. माझ्या पोटाकडे बघून ती काहीतरी बोलणार होती. सासूबाईंनी लगेच नजर उतरवायला आर्चाच्या झाडाची काटकी पेटवून माझ्याभोवती सात वेळा धूर फिरवला. मला ठसका लागला. त्या म्हणाल्या, "बघ, नजर निघते आहे."

ऑगस्ट लागला ग. मला ऑगस्टची फार भीती वाटते.

बेगाइम


बिश्केक,
९ ऑगस्ट

एजे, हे पत्र वाचून झालं की सुई खाली ठेव. नंतर माझ्यावर चिड, पण आधी सुई खाली ठेव.

तुझं पत्र मी तीनदा वाचलं. तोंडाला पाणी, मग गार घाम, मग डोकं, मग छाती, मग उलटी. हे मी ओळखते. याच क्रमाने मला जिन्यात झालं होतं. तू ओढत नाहीस, तुझ्या घरात कुणी ओढत नाही, आणि तरी तुला तेच होतंय, जे मला वीस झुरके एकदम घेतल्यावर झालं.

मी पत्र घेऊन डॉक्टरबाईंकडे गेले. म्हटलं, माझी बहीण तंबाखूची पानं ओवते. त्यांनी हातातलं पेन खाली ठेवलं. म्हणाल्या, ते ओढायलाच हवं असं नाही. ओल्या पानातलं निकोटीन कातडीतून अंगात उतरतं. दवाची पानं सगळ्यात वाईट. दिवसभर मांडीवर ढीग घेऊन बसलेली बाई म्हणजे दिवसभर ओढत बसलेलीच बाई.

शुक्रवारी तू बरी असतेस, कारण शुक्रवारी पानं नसतात. बाळ हलतं तेही म्हणूनच. उल्कानने काही केलेलं नाही.

आणि एजे, कसं लिहू कळत नाही, पण आधीची दोन्ही ऑगस्ट-सप्टेंबरमध्येच गेली. पानतोडीतच.

माझं बाळ मी बिघडवत होते ते तू ओळखलंस. तुझं मी ओळखलंय. ऊठ तिथून. ओशला दवाखान्यात जा. मामातला मी सांगून ठेवलंय, तो तुला फुकट नेईल.

नुरीझा


साय-बाशी,
१६ ऑगस्ट

नुरीझा,

वाचलं. सुई खाली ठेवली नाही.

तुला बरं सापडलं ग! तू चोरून ओढलंस, त्याचं ओझं एकटीने उचलवत नाही, म्हणून मलाही त्याच टोपलीत बसवतेस. "एजे, आपण दोघी सारख्याच." नाही. आपण सारख्या नाही. मी आयुष्यात एक झुरका घेतलेला नाही. मी काम करते.

या गावातल्या सगळ्या बायकांनी पानं ओवली. सासूबाईंना त्यासाठी पदक आहे, भिंतीवर फोटो आहे. आपल्या आईने आपल्याला पोटात घेऊन ओवली. मेलो का आपण?

आणि ते ऑगस्टचं लिहिलंस ना, ते लिहायला नको होतं. म्हणजे माझ्या लेकरांना मीच मारलं, असंच ना? स्वतःच्या हाताने, सावलीत बसून? ते तू लिहिलंस. माझ्या पाठच्या बहिणीने.

मला यापुढे लिहू नकोस. बाळ झालं की कळवीन. पिशवीत अक्रोड आहेत, ते सासूबाईंनी दिलेत.

बेगाइम


बिश्केक,
२३ ऑगस्ट

एजे,

मेलो नाही आपण दोघी. पण तुझ्या-माझ्यात सात वर्षांचं अंतर का आहे, ते आईला कधी विचारलंस? मी काल फोन करून विचारलं. ती म्हणाली, "मध्ये तीन होती. तुम्हाला सांगून काय करायचं होतं?"

तू कुणाला मारलं नाहीस. माहीत नसलेल्या माणसाला मारता येत नाही. पण आता तुला माहीत आहे.

हवं तर आयुष्यभर माझ्याशी बोलू नकोस. फक्त ऊठ तिथून.

नुरीझा


बिश्केक,
६ सप्टेंबर

आदरणीय साबिरा आपा यांस,

बेगाइमची धाकटी बहीण नुरीझा हिचा नमस्कार. तुम्हाला असं थेट पत्र लिहिणं बरं दिसत नाही, हे मला कळतं. सूनबाईच्या माहेरच्या पोरीने सासूबाईंना शिकवू नये, हेही कळतं. पण तीन आठवडे तिचं पत्र नाही. फोन केला की तुम्ही म्हणता, "ती आडवी पडली आहे." दुपारच्या वेळी आडवी पडणारी माझी बहीण नाही.

आपा, तुम्ही तिला माझ्या आईपेक्षा जास्त जपता. तिने प्रत्येक पत्रात लिहिलंय. तुम्ही तिला उन्हातून काढून सावलीत बसवलंत ते मायेनेच. पण तिला जे होतंय ते पानांनी होतंय. ओल्या पानाचं विष हातातून अंगात जातं आणि बाळापर्यंत पोचतं. डॉक्टरांनी मला सांगितलंय. तुम्ही सिगारेट घराबाहेर काढलीत, पण तंबाखू तिच्या मांडीवरच राहिला.

मी हे सांगणारी कोण, असं तुम्ही विचाराल. मी स्वतः पोटुशी असून तंबाखूच्या वाफेचं यंत्र ओढणारी बाई आहे. हे माझ्या नवऱ्यालाही माहीत नाही, तुम्हाला लिहितेय. म्हणजे मी खोटं बोलत नाही, एवढं तरी तुम्हाला पटेल.

तिला तिथून उठवा. माझं ती ऐकत नाही.

तुमची,
नुरीझा


ओश,
२७ सप्टेंबर

नुरीझा पोरी,

मला लिहिता येतं. आमच्या काळी सामूहिक शेताच्या शाळेत छड्या मारून शिकवायचे. अक्षर वाकडं येतं तेवढं सांभाळून घे.

आधी ते सांगते जे तुला हवंय. बेगाइम जिवंत आहे. तिला मुलगी झाली. अडीच महिने आधी, पोट कापून काढली. दीड किलोलाही कमी. काचेच्या पेटीत ठेवली आहे, नाकात नळी आहे, छाती भात्यासारखी वरखाली होते. डॉक्टर म्हणतात, रोजचा दिवस बघायचा. आज पंधरावा दिवस. बेगाइम दर तीन तासांनी भिंतीला धरून तिच्याकडे जाते आणि काचेवर हात ठेवते. कुणाशी बोलत नाही.

आता मी काय केलं ते सांगते. तुझं पत्र शुक्रवारी आलं. मी वाचलं आणि मला संताप आला. म्हटलं, ही कालची पोर, स्वतः तोंडात नळी घालून बसते आणि मला तंबाखू शिकवते! पत्र खिशात घातलं. शनिवार, रविवार, सोमवार ते माझ्या खिशात होतं. तीन दिवस मी रोज दवातली पानं आणून तिच्या मांडीवर ओतली आणि विचारलं, "बरी आहेस ना ग?" ती म्हणायची, "बरी आहे, आपा." तिलाही माहीत होतं, मलाही माहीत होतं आणि दोघी एकमेकींना सांगत नव्हतो.

मंगळवारी ती ढिगावरच कोसळली. पानं लाल झाली. गावात त्या वेळी गाडी एकच होती, उल्कानच्या जावयाची. मी भिंतीवरून हाक मारली. चाळीस वर्षांनी पहिला शब्द बोलले तो "वाचव". ती अनवाणी पळत आली. बेगाइमचं डोकं मांडीवर घेऊन इथवर आली. वाटेत म्हणाली, "त्या दिवशी मी विरजण मागायला आले नव्हते ग साबिरा. तिला पानांवरून उठव एवढंच सांगायला आले होते. माझ्या नर्स भाचीने मला सांगितलं होतं, आणि माझीही तीन गेली आहेत. मी आजवर तुझ्या नजरेला बोल लावत होते."

मग ओशपर्यंत आम्ही दोघी म्हाताऱ्यांनी तिचा एकेक हात धरून ठेवला.

पोरी, मी पन्नास वर्षं तंबाखूत आहे. शेळी तारा चावते, चप्पल खाते, पण त्या पानाला तोंड लावत नाही. गाढव लावत नाही. हे मी रोज बघत होते. आणि सुनेला फार जपायचं म्हणून तिच्या मांडीवर मी तेच ओतत होते.

तू दवाखान्यात शिकलेल्या माणसांशी बोलतेस, म्हणून तुला विचारते. इथल्या डॉक्टरला विचारायची मला हिंमत होत नाही, बेगाइम ऐकेल. माझी चार गेली. दोन पोटात, एक जन्मताच, एक सातव्या दिवशी. चारही पानतोडीत पोटात होती. तेव्हा मी पहिल्या नंबरची ओवणारी होते, दिवसाला साठ माळा. फोटोवाला आला होता तेव्हा चौथं पोटात होतं.

ती त्यानेच गेली का? मला खरं सांग. बरं वाटावं म्हणून सांगू नकोस.

साबिरा


बिश्केक,
४ ऑक्टोबर

आदरणीय आपा,

मी डॉक्टरबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, इतक्या वर्षांनी कुणालाच नक्की सांगता येणार नाही. मुलं इतर कारणांनीही जातात. एजेच्या दोघांबद्दलही तेच म्हणाल्या.

एवढं लिहून थांबले असते तर तुम्हाला बरं वाटलं असतं. पण तुम्ही खरं मागितलंत. मी त्यांना पुन्हा विचारलं, तुम्हाला स्वतःला काय वाटतं? त्या म्हणाल्या, "मला वाटतं, त्यानेच." मलाही तसंच वाटतं, आपा.

पण तुम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. पदक दिलं, फोटो काढला, आणि हे सांगायला मात्र कुणी आलं नाही. तुम्ही तीन दिवस पत्र खिशात ठेवलंत त्याबद्दल मला तुमचा राग येत नाही. मला डॉक्टरांनी जुलैमध्ये तोंडावर सांगितलं होतं. एजेला मी "आज सहावा दिवस" लिहिलं, आणि ते पत्र मामातच्या हातात देऊन परतताना कोपऱ्यावर नवीन घेतलं. तिला "सुई खाली ठेव" लिहिलं तेव्हा ते माझ्या दुसऱ्या हातात होतं. एजे म्हणाली की आपण सारख्या नाही. ती बरोबर बोलली, तिला तसं सांगा.

काल माझं पोट मोजलं. बाळ महिन्याच्या मानाने लहान आहे, दोन आठवड्यांनी मागे. डॉक्टरबाई म्हणाल्या की लक्ष ठेवू. घरी येऊन तालांतला सगळं सांगितलं. तो ओरडला नाही. स्वतःच्या सिगारेटची पाकिटं आणि माझं ते यंत्र घेऊन खाली गेला आणि रिकाम्या हातांनी वर आला. नंतर दोघं भिंतीला टेकून बसलो. काल दुपारपासून मी ओढलेलं नाही. सहावा-सातवा दिवस असं आता कुणालाच लिहिणार नाही.

तुमच्या नातीसाठी रोज हात पसरते. एजेला सांगा, ती बोलली नाही तरी चालेल, पण मी रविवारी ओशला येतेय आणि काचेच्या या बाजूला तिच्याशेजारी उभी राहणार आहे.

तुम्हाला चाळीस वर्षं दोष द्यायला उल्कान होती, उल्कानला तुम्ही होतात. माझ्या बाळाला काही झालं, तर मला अशी शेजारीण नाही. मला सगळं माहीत होतं. याचीच मला फार भीती वाटते, आपा.

नुरीझा